दादाचं नाक आणि पाण्याचा जग

आमच्या दादाला तीन गोष्टींची भीती वाटते: सर्दी, कच्चा कांदा आणि वहिनीच्या मैत्रिणी. मैत्रिणींची अशासाठी, की त्या अत्तर लावून येतात. त्या येऊन गेल्या की दादा घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतो आणि अर्धा तास गच्चीत जाऊन उभा राहतो. वहिनीने लग्नाच्या पहिल्याच वर्षी वासाचा साबण, पावडर, अत्तर सगळं सोडून दिलं. ती म्हणते, "सवत असती तर भांडले तरी असते. नाकाशी कोण भांडणार?"

दादाचा धंदा बिअर चाखण्याचा. 'पिण्याचा' म्हटलं की त्याला राग येतो, म्हणून मी मुद्दाम म्हणते. बिअरच्या कारखान्यात रोज सकाळी अकरा वाजता तो एका लांब पांढऱ्या खोलीत बसतो. पुढ्यात आठ ग्लास, प्रत्येकात दोन बोटं बिअर. आधी वास, मग उजेडाकडे धरून रंग, मग फेस किती वेळ टिकतो ते, मग घोटभर तोंडात फिरवून गिळायची आणि कागदावर लिहायचं. थुंकून चालत नाही, कारण कडूपणा घशात मागे जाऊन कळतो. आई होती तोवर सगळ्यांना सांगायची, "लोकांची मुलं दारू पिऊन पगार उडवतात, माझा दारू पिऊन पगार आणतो."

सुरुवात त्याने बाटल्या धुण्याच्या पट्ट्यावर केली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत एक बाटली हुंगून तो म्हणाला, हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. मुकादम हसला. पुढच्या आठवड्यात त्या लॉटच्या दोन गाड्या दुकानांतून परत आल्या. तेव्हापासून दादा पांढऱ्या खोलीत. मागच्या मोरीत मी. त्याचे ग्लास मी धुते. गरम पाणी आणि सोडा, साबणाचा थेंब नाही, फडक्याने पुसायचे नाहीत, कारण फडक्याचा वास काचेला लागतो. जाळीवर उपडे घालून वाऱ्यावर वाळवायचे. सतरा वर्षं मी हे करतेय आणि दादाने एकदाही 'छान' म्हटलेलं नाही. ग्लास घाण निघाला तर मात्र पूर्ण मजल्याला ऐकू जातं.

पण त्याचं नाव झालं ते कारखान्यामुळे नाही, स्पर्धेमुळे.

ती सुरू केली मास्तरांनी. मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत घराच्या मागच्या खोलीत बिअर करायचे. शहरात असे बरेच निघाले: कोणी गॅरेजात, कोणी सासऱ्याच्या गोदामात, एक तर अग्निशमन दलाचा ड्रायव्हर, तो बाथरूममध्ये करायचा. मास्तरांनी सगळ्यांना एकत्र आणलं. वर्षातून एकदा पत्र्याच्या मोठ्या सभागृहात सगळ्यांच्या बाटल्या जमा होतात, आतल्या खोलीत मी नावं झाकून नंबर लावते, आणि बाहेर परीक्षक पन्नासपैकी मार्क देतात. ज्याची बिअर पहिली येते, तिची वर्षभर आमच्या कारखान्याच्या मोठ्या टाकीत निर्मिती होते आणि बाटलीवर करणाऱ्याचं नाव छापतात. वीस वर्षं मुख्य परीक्षकाच्या खुर्चीवर दादा आणि त्याच्या उजव्या हाताला मास्तर. बाकीचे परीक्षक आले, गेले. ही जोडी हलली नाही.

बिअरमध्ये प्रकार किती! गव्हाची असेल तर केळं आणि लवंगेचा वास यायला हवा, आणि तोच वास साध्या, स्वच्छ चवीच्या फिकट लागरला आला तर ती नापास. काळ्या स्टाउटला जळक्या कॉफीची चव शोभते. पेल एल मोसंबीच्या सालीसारखी कडू चालते. म्हणजे चांगली-वाईट असं सरसकट काही नाही. ज्याचं त्याने आपलं सोंग नीट वठवायचं. दादा हे सगळं डोळे मिटून सांगतो. "हिचं पाणी जड आहे." "ही उन्हात राहिलीय." आणि ते खरं निघतं. लोक त्याच्या नाकाच्या गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या आहेत.

मास्तर यंदा हिवाळ्यात गेले. दीड महिन्याने स्पर्धा आली.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी, मंगळवारी दुपारी चार वाजता, दादा माझ्या घरी आला. माझं काम दुपारी संपतं, पण त्याची ती कामाची वेळ. मला वाटलं कोणीतरी गेलं. त्याने पिशवीतून दोन झाकणवाले कप काढले, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, "ठमे, वास घे. काय फरक आहे सांग."

ठमी हे माझं नाव नाही, पण तो लहानपणापासून तेच म्हणतो.

मी पहिला कप हुंगला. साधी बिअर. दुसरा नाकाशी नेला आणि लगेच म्हटलं, "याला लोण्याचा वास येतोय. घट्ट, टॉफीसारखा. काय घातलंस यात?"

दादा स्टुलावर बसला. "लॅबमधल्या लोण्याच्या वासाच्या बाटलीतले दोन थेंब."

"मग?"

"मला दोन्ही सारखेच वाटतात."

मी हसले. सर्दी झाली असेल म्हटलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

"आज नाही गं. मला लोणी कधीच कळलं नाही. पोळीला लावलेलं कळतं, बिअरमधलं नाही कळत. काही माणसांना एखादा रंग दिसत नाही ना, तसं. बाकी सगळं कळतं. हा एकच वास माझ्या नाकाला नाही."

लोणी हा बिअरचा मोठा दोष. बिअर आंबवणारं यीस्ट आधी तो वास तयार करतं, आणि दोन-चार दिवस उबेत ठेवलं तर स्वतःच तो खाऊन टाकतं. करणाऱ्याने घाई केली की लोणी मागे राहतं. कारखान्यात त्यासाठी मशीन आहे, त्यामुळे तिथे दादाचं कधी अडलं नाही. स्पर्धेत मशीन नव्हतं. तिथे मास्तर होते.

"मास्तरांना माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी ओळखलं त्यांनी. लोणी असलं की ते आपला ग्लास कागदाच्या डाव्या बाजूला ठेवायचे. नसलं की उजव्या. त्यांना स्वतःला शिजलेल्या कोबीचा वास कळत नव्हता, तो मी सांगायचो. मी पेन्सिल आडवी ठेवायचो."

वीस वर्षं! दोन बाप्ये माणसं वीस वर्षं टेबलावर ग्लास आणि पेन्सिली सरकवत बसली होती आणि शहर म्हणत होतं, काय नाक आहे! ही लबाडी होती की दोस्ती, मला आजही धड ठरवता येत नाही. पण त्या दिवशी मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे त्याने मास्तरांना सांगितलं आणि मला नाही.

"आणि आता मी?"

"तू पाण्याचा जग घेऊन मागे उभी राहा. लोणी असलं की जग माझ्या डावीकडे ठेव. नसलं की उजवीकडे. बस."

"दादा, बाटल्यांना नंबर मी लावते. कुठली कोणाची हे मला माहीत असतं. आतल्याने बाहेरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही हा नियम तुझाच ना?"

"माझाच."

"मग सरळ सांगून मोकळा हो की, मला लोणी कळत नाही म्हणून."

"आणि वीस वर्षांचे निकाल? जो जो हरला तो दारात येऊन उभा राहील. मास्तरांच्या नावालाही बट्टा लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ठमे. यंदाचं वर्ष निभावू दे. पुढच्या वर्षी मी खुर्ची सोडतो."

त्याने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला बरं वाटलं, हेही खरंच सांगते. वीस वर्षं ज्याच्या नाकाचं कौतुक, त्याला माझं नाक हवं होतं. मी हो म्हटलं.

स्पर्धेच्या सकाळी आतल्या खोलीत मी बाटल्यांना चिकटपट्ट्या लावत होते. नेहमीचा ट्रे नेणारा गडी येणार नाही असं दादाने स्पर्धेच्या सेक्रेटरींना परस्पर कळवून ठेवलं होतं, आणि सेक्रेटरी म्हणाले, "मग बाई नेतील ट्रे. घरच्याच आहेत." नियम असा मोडला, एका वाक्यात.

सगळ्यात शेवटी मास्तरांची लेक आली. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलंय. मास्तर टाकी ढवळायचे तेव्हा ही स्टुलावर उभी राहून थर्मामीटर वाचायची. आता बापाच्या मागच्या खोलीत तीच बिअर करते. तिने सहा बाटल्या दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवल्या.

"फिकट लागर आहे, आत्या. बाबांच्या वहीतली."

"छान झालीय?"

"बाबा आजारी होते त्यात दिवस गेले. नंतर जेमतेम वेळ मिळाला. पण छान झालीय." ती जरा थांबली. "यंदा काही झालं नाही तर मी खोली बंद करणार. टाक्या विकून नोकरी धरते. आईला एकटीला नाही झेपत."

मी तिच्या बाटल्यांना सतरा नंबर लावला. पट्टी वाकडी लागली, ती काढून पुन्हा लावली.

सकाळच्या फेरीत सतरा नंबर हॉटेलवाल्यांच्या टेबलावर गेला. हॉटेलवाले, म्हणजे यंदाचे एक परीक्षक, दिलदार माणूस. थंडगार बिअरला त्यांनी जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही. बाटली नुकतीच बर्फातून काढलेली होती. थंडीत वास दबतो. सतरा नंबर शेवटच्या पाचांत आला.

दुपारी तीनला अंतिम फेरी. लांब टेबल, पांढरा कागद अंथरलेला, मधे बिनमिठाच्या पावाचे तुकडे. मधल्या खुर्चीवर दादा. डावीकडे हॉटेलवाले. उजवीकडे, मास्तरांच्या खुर्चीवर, नव्या परीक्षक बाई. या बाईंनी परदेशातली चाखण्याची परीक्षा दिलेली, आणि तसं सर्टिफिकेट त्यांनी पिशवीतही आणलेलं होतं. मी मनात त्यांना सर्टिफिकेटवाल्या बाई म्हणायला लागले. नाकाने कांदे सोलणारी असेल अशी माझी खात्री होती. तशी ती नव्हती. तिने आल्या आल्या मला विचारलं, "ग्लास तुम्ही धुता? फार स्वच्छ आहेत." मला त्याचाही राग आला.

सभागृहात मागे बिअर करणारे खुर्च्यांवर बसले होते. कोणाची कुठली हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.

पहिली गव्हाची. मी आत ओतली, हुंगली, लोणी नव्हतं, जग उजवीकडे. दुसरी आंबट, उजवीकडे. तिसरी स्टाउट, चौथी पेल एल, दोन्ही उजवीकडे. दादा जगाकडे ओझरतं बघायचा आणि लिहायचा. सगळं सुरळीत चाललं होतं आणि माझ्या काखेत घाम फुटला होता.

मग मी आत जाऊन सतरा नंबर उघडली.

ग्लासात ओतताना बाटली फार थंड नव्हती. सकाळपासून बर्फ वितळला होता. आणि मला वास आला. हलकाच, पण स्पष्ट. लोणी. मी दुसरी बाटली उघडली. तोच. मी बाटलीला नाक लावून तिथेच उभी राहिले आणि मला ती स्टुलावर उभी राहून थर्मामीटर वाचणारी पोर दिसत होती. दोन दिवस अजून उबेत ठेवली असती तर! बापाच्या उशाशी बसली, म्हणून दोन दिवस कमी पडले. त्याची शिक्षा तिला का?

इकडे आड तिकडे विहीर. जग डावीकडे ठेवला तर दादा मार्क कापणार आणि मास्तरांची खोली बंद होणार. उजवीकडे ठेवला तर? हॉटेलवाल्यांना कळणार नाही. बाईंना कदाचित कळेल, कदाचित नाही. वास हलकाच आहे. मी स्वतःची अशी समजूत घालत ट्रे उचलला. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी त्या दारातून बाहेर आले.

जग मी उजवीकडे ठेवला.

दादाने जगाकडे पाहिलं. ग्लास उचलला, उजेडाकडे धरला. रंग सुरेख होता, वाळलेल्या गवतासारखा. घोट घेतला आणि त्याचे डोळे मिटले. मला त्याचा चेहरा पाठ आहे. त्याला आवडली होती. त्याने चव्वेचाळीस लिहिले. हॉटेलवाल्यांनी चाळीस. बाईंनी सव्वीस.

तिथला नियम असा: मार्कांत सातापेक्षा जास्त फरक पडला तर परीक्षकांनी बोलून जवळ यायचं.

"लोणी आहे," बाई म्हणाल्या.

"नाही," दादा म्हणाला.

"फिकट लागर आहे, सर. हिच्यात लपायला जागा नसते. मला स्पष्ट येतंय."

"पाव खाल्लात ना आत्ता? पावाचं असेल."

"पावात लोणी नाही. मी आधी विचारून घेतलंय."

हॉटेलवाले एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. "मला तर छान वाटली," ते म्हणाले, "पण बाई म्हणतात तर..." जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटतं.

दादाने पुन्हा जगाकडे पाहिलं. जग उजवीकडे होता. त्याच्या जबड्याची शीर हलली. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि समोर तीस-बत्तीस वर्षांची बाई सगळ्या सभागृहासमोर त्याला चूक म्हणत होती. आणि तो चूक नव्हता, कारण त्याच्या बहिणीने तसं सांगितलं होतं.

"वीस वर्षं या खुर्चीवर बसतोय," तो मोठ्याने म्हणाला. मागच्या रांगांतली कुजबुज थांबली. "यात लोणी निघालं तर परत बसणार नाही."

मी रिकामा ट्रे छातीशी धरला.

बाई मुळीच चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "असं कशाला, सर? सोपं आहे. तिघांनीही ग्लास तळहातात धरू या. दोन मिनिटं. ऊब लागली की वास वर येतो. मग कोणाला विचारायलाच नको." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

तिघांनी ग्लास धरले. दोन्ही हातांत, पक्षी धरावा तसे. सभागृहात कोणी खोकत नव्हतं. तिसऱ्या रांगेत मास्तरांची लेक बसली होती, तिची बोटं एकमेकांत अडकलेली. तिला माहीत नव्हतं ही तिचीच बिअर आहे. की माहीत होतं? आपली बिअर लांबूनही ओळखू येत असेल, मला काय कळणार.

अर्धं मिनिट गेलं. मला दीड हातावरून वास यायला लागला. हॉटेलवाल्यांनी भुवई उचलली, पुन्हा हुंगलं. अजून एक मिनिट आणि त्या माणसालासुद्धा कळणार होतं. आणि मग दादा वीस वर्षांची खुर्ची सोडून उठणार होता, खोटारडा म्हणून, आणि त्याला हे कळणारही नाही की का. तो तर शांत होता. ग्लास ओंजळीत घेऊन तो माझ्या शब्दावर बसला होता.

मला मास्तरांच्या लेकीचा चेहरा बघवेना, म्हणून मी बघितला नाही. मी पुढे झाले. पाणी ओतायला वाकल्यासारखं केलं, जग उचलला आणि पावाच्या थाळीवरून नेऊन दादाच्या डाव्या हाताशी ठेवला.

काच कागदावर टेकल्याचा एवढासा आवाज झाला. दादाने मान वळवली नाही. नुसते डोळे खाली गेले, जगावर थांबले, आणि मग हळूहळू माझ्याकडे आले. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला होता तेव्हा त्याने मला मारलं होतं. त्या दिवशी मारलं असतं तर मी उपकार मानले असते.

घड्याळात पाऊण मिनिट शिल्लक होतं. त्याने ग्लास खाली ठेवला.

"थांबा," तो म्हणाला. "घड्याळ राहू द्या. लोणी असणार. बाई म्हणतात तर आहे."

"म्हणजे तुम्हाला आता आलं?"

"नाही. मला येत नाही. बिअरमधलं लोणी मला जन्मात कधी आलेलं नाही." त्याने मागे वळून सभागृहाकडे पाहिलं. "वीस वर्षं मास्तर मला सांगायचे. ग्लास डावीकडे ठेवून. तुम्ही ज्याला माझं नाक म्हणत होतात ते निम्मं मास्तरांचं होतं."

कोणीतरी मागे खुर्ची सरकवली. सेक्रेटरी अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. बाईंचा चेहरा गोंधळला होता. त्यांना जिंकायचं होतं, असं जिंकायचं नव्हतं.

"पण मग आत्ता इतक्या ठामपणे नाही म्हणालात, सर, ते कशाच्या जोरावर?"

मी जगाचा कान धरून उभी होते. आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आता नाही तर कधी?

"मस्ती," दादा म्हणाला. "वीस वर्षांची मस्ती आहे अंगात."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिल खिशात टाकली, कागदावरचे आपले चव्वेचाळीस खोडले आणि खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून निघून गेला. मी बोलले नाही. तिथे बोलायला हवं होतं, आणि मी बोलले नाही, हे मी लपवणार नाही.

सतरा नंबर पाचवा आला. पहिला आला बाथरूमवाल्या ड्रायव्हरचा स्टाउट.

सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर दादा बसला होता. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "कोणाची होती?"

"मास्तरांच्या लेकीची."

त्याने मान हलवली. त्याला अंदाज आला असणार. मी सगळं भडाभडा सांगितलं, खोली बंद होणार, टाक्या विकणार, दोन दिवस कमी पडले, मास्तरांसाठी केलं. तो ऐकत होता.

"सहा वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "तिची पहिली बिअर आली होती. नाव झाकलेलं. पण मास्तर घरी तिच्या शेजारी उभे राहून ती करून घेत होते, त्यांना वासावरून कळलंच. आणि मला ती बिअर आवडली होती. मी पेन्सिल टेकवली होती चाळीस लिहायला." तो थांबला. "मास्तरांनी ग्लास उचलला आणि डावीकडे ठेवला. पोटच्या लेकीची बिअर होती. पण ठेवला."

एवढं बोलून तो उठला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. कारखान्यात रोज सकाळी अकराला आठ ग्लास जात, आठ परत येत. स्पर्धेच्या सेक्रेटरींना मी जाऊन जगाची हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि आतल्या खोलीच्या दाराला कडी बसवून घेतली. वहिनीने मध्यस्थी करून पाहिली. दादा तिला म्हणाला, तिच्या कामात मला काही खोट दिसत नाही. म्हणजे ग्लास स्वच्छ आहेत.

सातव्या रविवारी सकाळी मास्तरांची लेक दादाच्या घरी आली. वहिनीने मला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं, बहुतेक दोघी मिळून शिजवलेलं. पोरीने जेवणाच्या टेबलावर एक बाटली ठेवली.

"टाक्या विकल्या नाहीत अजून," ती म्हणाली. "एकदा परत केली. जगाचं मला सेक्रेटरींनी सांगितलं. बाकीचं काका, तुम्ही सांगा. लोण्याचं आत्यांनी सांगायचं."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. मग मी तिला खरं काय ते सांगितलं. जग आधी उजवीकडे का ठेवला, कोणासाठी ठेवला. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

"बाबांनी उजवीकडे ठेवला नसता, आत्या."

"माहीत आहे."

"ते म्हणायचे, बाहेरच्याने सांगायच्या आधी घरच्याने सांगावं. तुम्ही घरच्या ना? मग सांगा आता."

वहिनीने तीन ग्लास मांडले, मधे पाण्याचा जग. दादा येऊन बसला. त्याने वास घेतला, उजेडाकडे धरलं, घोट घेतला. त्याचे डोळे मिटले. आवडली होती. पोर त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिचे खांदे जरा सैल पडले.

मी ग्लास तळहातात धरला. दोन मिनिटं धरला. देवाशपथ, मला ते यायला नको होतं.

आलं. अगदी थोडं, पहिल्याच्या निम्मंही नाही. पण होतं.

मी जग उचलला आणि दादाच्या डावीकडे ठेवला.

पोरीने ओठ दाबले, पिशवीतून बापाची वही काढली आणि तारीख टाकून काहीतरी लिहिलं. "अजून दोन दिवस," ती म्हणाली, स्वतःशीच. दादा कितीतरी वेळ त्या जगाकडे बघत बसला होता. मग त्याने आपला रिकामा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"ठमे," तो म्हणाला, "पाणी दे."